बॉयलरपुढचा नारळ

ती. बाबांना गिरिजाचा इथूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. नोकरीचंही होईल, आईला घोर लागू देऊ नका.

शनिवार-रविवारी मी ओहायो नदीवर एका जुन्या आगबोटीवर मदतीला जाते. अजून मक्याची पोती वाहते ती! पाठीमागचं घराएवढं चाक एकटं सगळा भार ढकलतं, तेही कमरेएवढ्या पाण्यात. बघत राहावं.

हंगामाचा बॉयलर पेटला तेव्हा, तुम्ही साखर कारखान्यात फोडायचात तसा, मी नारळ फोडला. बॉयलरची पाण्याची पातळी दाखवणारी काच फुटली समजून कॅप्टन धावत आले! मग त्यांनीच खोबरं मागून घेतलं.

बोटीची वाफेची शिट्टी रेकॉर्ड करून पाठवलीय. कानाचं मशीन लावून ऐका. माझ्या फोनसाठी लावत नाही, निदान बॉयलरसाठी तरी लावा.

तुमची,
गिरिजा