घरच्या माणसाचा पगार

बारामती
५ सप्टेंबर २०२४

ती. सौ. प्रतीक्षाताईस,
नागेशचा सा. न. वि. वि.

मी बरा हाय. फोन करत न्हाय, कारण तुझा फोन सगळं घर ऐकतं. अंथुर्ण्याच्या बानूबाई हितं भाजी विकायला येतात, त्यांच्या पाटीतून हे पत्र धाडतोय. वाचून चुलीत घाल.

ताई, मी तुझ्या सासऱ्यांना, बापूसाहेबांना, पगारवाढ मागणार हाय. एमआयडीसीत त्यांच्या वर्कशॉपात उसाच्या ट्रॉल्यांना वेल्डिंग मारता मारता चार वर्षं गेली, पगार हाय तिथंच. परवा लागलेल्या मल्हारला माझ्याहून जास्त देतात. मॅनेजरला विचारलं तर हसला, म्हणाला, तू घरचा माणूस. म्हणजे परक्याला पगार आन् घरच्याला माया! मायेवर खोलीचं भाडं भागत न्हाय.

येत्या सोमवारी विचारतो. काय बोलायचं ते पाठ केलंय, पण त्यांची गाडी गेटात वळली की मी ट्रॉलीमागं सरकतो.

तुझी माया हाय तशीच राहू दे.

तुझा,
नागेश


अंथुर्णे, ता. इंदापूर
८ सप्टेंबर

चि. नागेश यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आन् तव्यावरची भाकरी करपली. आत्याबाईंनी विचारलं, सूनबाई, ध्यान कुठं हाय? डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

बाबा रं, विचारू नकोस. तुझ्या पाया पडते. तुला ते तिथं मालक म्हणून दिसतात, मला हितं दोन्ही वेळंला त्यांचं ताट वाढायचं असतं. थोरल्या जाऊबाईंच्या भावानं मागं एकदा मामंजींकडं टेम्पो मागितला होता. मामंजी रागावले न्हाईत. फक्त जाऊबाईंच्या हातचं पाणी घेईनात. मग घरात कुणीच त्यांच्याशी बोलंना. पंचमीला माहेरी धाडलं न्हाय. अजून त्या मामंजींसमोर मान वर करत न्हाईत. मला ते दिवस नकोत रं. भित्री म्हण, काय म्हणायचं ते म्हण.

तुझ्यावर अन्याव हाय, मला का कळत न्हाय? पण एवढा सीझन कळ काढ. वेळंवर जेवत जा.

तुझ्या जिवाला जपणारी,
ताई


बारामती
१० सप्टेंबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज हातात पडलं. मी काल विचारून बसलो.

पाठ केलेलं सगळं विसरलो. "पगाराचं बघा" एवढंच तोंडातून निघालं. ते म्हणाले, "घरातली गोष्ट हाय. तुझ्या बहिणीला विचारतो. ती म्हणंल तसं." वर चहा पाजला. ताई, माझ्यापायी तू मधे सापडलीस. तुला सुचंल ते बोल, माझी कसलीच तक्रार न्हाय.

राग धरू नको.

तुझा,
नागेश


अंथुर्णे
१२ सप्टेंबर

चि. नागेश यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र यायच्या आदीच सगळं झालं.

पुरुषमाणसं जेवायला बसली होती, मी वाढत होते. मामंजींनी मान वर न करता विचारलं, "सूनबाई, नागेशचा पगार वाढवायचा का? तू म्हणशील तेवढा वाढवतो." सगळ्यांचे हात थांबले. तुझे दाजी आमटीच्या वाटीकडं बघत राहिले. थोरल्या जाऊबाई दारातून मान हलवत होत्या, नको म्हणून. हो म्हणावं तर सून सासरचा पैसा माहेरी लोटते म्हणणार. न्हाय म्हणावं तर भावाचं पोट मारते.

मी म्हणाले, "नको. त्याला हाय ते पुष्कळ हाय."

मामंजी म्हणाले, शहाणी सून. माझ्याकडनं पाणी मागून घेतलं. आत्याबाईंनी मला नवीन साडी काढून दिली. सगळी गोड वागतायत आन् मला त्या गोडव्याचंच भ्या वाटतंय. पळसदेवला लहानपणी तू धरणाच्या पाण्यात बुडत होतास, तवा मी केसाला धरून तुला वढलं होतं. ह्या वेळंला मी हात सोडला रं.

लिहिशील का मला?

ताई


बारामती
२२ सप्टेंबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

का न्हाय लिहिणार? तू बोललीस ते बापूसाहेबांनी मला सगळ्या पोरांसमोर ऐकवलं. मल्हारसुद्धा खाली बघायला लागला. मी हातमोजे काढून ठेवले आन् गेटाबाहेर पडलो. ताई, तुझ्या जागी मी असतो तर मीपण नकोच म्हणालो असतो.

मग भ्या वाटलं. आता कोण काम देणार, ह्या इचारानं खोलीतनं पाय बाहेरच पडंना. शेवटी भिगवण रस्त्याला एका वर्कशॉपात गेलो. मालक अनोळखी. त्यानं विचारलं, किती घेणार? चार वर्षांत मला हे कुणी विचारलंच न्हवतं. मी आकडा सांगितला. तो म्हणाला, लई होतोय. मी म्हणालो, काम बघा आन् मग बोला. चांगली घासाघीस झाली, आन् भांडता भांडता माझ्या ध्यानात आलं, ह्या माणसाच्या घरात माझी बहीण न्हाय. तिथंच निम्मं भ्या गेलं. कामाला लागलोय.

भाऊबीजंला मी अंथुर्ण्याला येणार. कामावरचा माणूस म्हणून न्हाय, तुझा भाऊ म्हणून बापूसाहेबांसमोर पाटावर बसणार. तुला भ्या वाटंल, मला पण वाटंल. तरी तू ओवाळ.

तुझा,
नागेश