शिफ्ट न दाबता

४ नोव्हेंबर

गोल. गोल. गोल. ब्राउझर उघडायला सव्वातीन मिनिटं — भिंतीवरच्या घड्याळात बघून लिहितोय! मग रुग्णालयाचं पान यायला आणखी चार. त्यावर 'रिपोर्ट' असं लिहिलंय, तिथं क्लिक केलं, तर नुसतं कोरं पान आणि ते गरगरणारं चाक. अर्धा तास बसलो. पाठ भरून आली, तेव्हा उठलो.

पोटातल्या गाठीचा तुकडा काढून तपासायला दिला, त्याला आज सतरा दिवस. ही म्हणते, "अहो, आला की अहवाल! साधी गाठ आहे. डॉक्टर म्हणाले, काळजीचं कारण नाही." मग कागद कुठंय? "तो लेकीच्या पर्समध्येच राहिला." लेक तिच्या गावी परत गेलेली.

चाळीस वर्षं मुद्रितशोधक म्हणून डोळे फोडले. लोक 'सगळं बरोबर आहे हो' म्हणायचे, त्याच पानावर सात चुका सापडायच्या. 'काळजीचं कारण नाही' हे छापलेलं बघितल्याशिवाय मी मानणार नाही. नाही म्हणजे नाही.

५ नोव्हेंबर

प्रकाशकांचा फोन. शब्दकोशाची नवी आवृत्ती, अकराशे पानं. "तुमच्याशिवाय कुणाच्या हातात देऊ?" काम दीड वर्षाचं. महिनाअखेर उत्तर हवंय त्यांना.

एरवी उडी मारून हो म्हटलं असतं. पण दीड वर्ष आहे का माझ्यापाशी? ते त्या चाकाच्या पलीकडे लिहिलंय.

६ नोव्हेंबर

लेकीचा फोन. हल्ली रोज येतो! पूर्वी मीच चार वेळा करायचो तेव्हा एकदा उचलायची. "बाबा, किती टॅब उघडे आहेत तुमचे?" मोजले. एक्केचाळीस. त्यातले निम्मे शब्दांच्या व्युत्पत्तीचे, कधीतरी निवांत वाचू म्हणून उघडे ठेवलेले. "बंद करा सगळे."

एकेक करून बंद केले. जीव तुटला. फरक शून्य.

७ नोव्हेंबर

कॅशे रिकामी केली. कुकीज पुसल्या. वायफायचा डबा बंद केला, शंभर आकडे मोजले, चालू केला. ब्राउझर काढून टाकून नवा उतरवून घेतला, तर आत गेल्या गेल्या जुनं सगळं आपोआप परत आलं, चाकासकट! डोक्याला नुसता ताप.

लेक म्हणाली, "बाबा, म्हातारा झालाय तो कॉम्प्युटर. पुढच्या वर्षी नवीन घेऊ." 'पुढच्या वर्षी' म्हणताना अडखळली. की मलाच तसं ऐकू आलं?

९ नोव्हेंबर

पट्ट्याला खिळ्यानं आणखी एक भोक पाडलं. महिन्यातलं दुसरं.

११ नोव्हेंबर

आज मुद्दाम ओला टॉवेल पलंगावर टाकला. बघू या म्हटलं. हिनं उचलला, वाळत घातला, वर विचारलं, "चहा करू का?" मनात पाल चुकचुकली. या बाईनं टॉवेलावरून मला आयुष्यभर फैलावर घेतलंय! आता मी खोकलो तरी धावत येते. काही बोललो की 'बरं'. चहात साखर कमी म्हटलं, 'बरं'. भाजी खारट म्हटलं, 'बरं'. भाजी खारट नव्हतीच. घरात भांडण नाही, याचीच भीती वाटायला लागलीय.

भांडणावरून आठवलं. लग्न ठरल्यावर हिनं पत्र पाठवलं होतं, "आपण कधीही भांडन करायचं नाही." मी दीडशहाणा! त्या न-भोवती तांबडा गोल काढला, समासात 'ण' लिहिला आणि पत्र परत टपालात टाकलं. आठ दिवस अबोला. आमचं पहिलं भांडण ते.

न आणि ण मात्र हिचे कधी सुधारले नाहीत. आता फोनवर लिहिते तरी तेच. साधा एन दाबला की न, शिफ्ट धरून दाबला की ण, इतकं सोपं! ही म्हणते, "कळलं ना तुम्हाला? मग झालं तर."

१४ नोव्हेंबर

कोपऱ्यावर कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बाईंचं दुकान आहे. तिकडे जातो म्हटलं तर ही दारातच उभी राहिली. "कशाला पण? पायात त्राण आहे का तुमच्या?" एवढंसं तोंड झालं होतं तिचं. तरी गेलो. शंभर पावलांत दोनदा थांबावं लागलं. बाई उद्या येणार.

१५ नोव्हेंबर

बाई आल्या तेव्हा ही औषधं आणायला गेली होती. बाईंचा हात भारी चपळ. पाच मिनिटं खटखट केलं आणि वळून मलाच विचारलं, "काका, घरात लहान मूल आहे का?"

"नाही. सगळ्यात लहान मीच. अडुसष्ट."

हसल्या नाहीत. "मग हे मुलांसाठीचं कुलूप कशाला बसवलंय? पालकांनी शब्दांची यादी भरायची. हे प्रत्येक पान आधी स्वतः वाचतं, यादीतला शब्द सापडला तर ते पान उघडतच नाही. यादीत जितके शब्द जास्त, तितकं साधं पानही रडतखडत येतं."

म्हणजे मुद्रितशोधकच की! माझ्या आधी बसून माझं पान वाचणारा.

"गेल्या महिन्यात लांबूनच कुणीतरी बसवलंय. काढून टाकू? पासवर्ड लागेल." मी म्हटलं, राहू द्या, मी बघतो. बाईंनी माझ्याकडे बघितलं, पट्ट्याकडे बघितलं. निघताना म्हणाल्या, "काका, बसून घ्या जरा."

१६ नोव्हेंबर

पासवर्ड फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावरच होता, दूधवाल्याच्या नंबरखाली. हिच्या गुपितांची ही तऱ्हा! दोनदा चुकीचा टाकला.

यादी उघडली. जशीच्या तशी उतरवून ठेवतो.

अहवाल. कर्करोग. गाठ. यकृत. पसरला. रुग्नालय. तपासनी. लक्षनं. वेदना. शेवटचा टप्पा. किती दिवस. किती महिने. मरन.

कुलूप लेकीचं. शब्द हिचे. रुग्णालयाचं पान उघडत होतं ते एवढ्यासाठी, की कुलूप 'रुग्नालय' शोधत बसलं होतं! आणि 'अहवाल' मध्ये बिचारीला चुकायला जागाच नव्हती.

आता ही यादी पुसली की अहवाल समोर. पण वाचायचं काय राहिलंय? 'किती महिने' लिहिलंय तिनं. 'किती वर्षं' यादीत नाहीच. दोनदा शोधलं.

आत कुकरची शिट्टी झाली. हिनं हाक मारली, "अहो, पान वाढलंय!" गेलो. जेवलो. भाजी चांगली झालीय म्हटलं.

१७ नोव्हेंबर

भीती वाटते. दुसरं काही लिहिण्यासारखं नाही.

१८ नोव्हेंबर

राग आला होता काल. माझं मरण, आणि मलाच कोरं पान? आज गेला. डोळ्यांपुढे सारखं तेच येतंय. ही चष्मा नाकावर ओढून, एका बोटानं एकेक अक्षर शोधत 'मरन' लिहितेय. मी शेजारच्या खोलीत झोपलेला असणार. किती वेळ लागला असेल तिला!

१९ नोव्हेंबर

प्रकाशकांना कळवलं, दुसऱ्या कुणाला द्या. डोळे साथ देत नाहीत असं सांगितलं. हळहळले. सव्वीस वर्षांची सोबत होती.

हिनं विचारलं, "काय म्हणाल्या हो दुरुस्तीवाल्या बाई?" भाजी चिरणारा हात थांबला होता. म्हटलं, "काही नाही. म्हातारा झालाय म्हणाल्या. गोल फिरू दे, आपल्याला कुठं घाई आहे?" हिनं एवढा मोठा श्वास सोडला! मग कांदा नसताना डोळे पुसले.

तिला वाटतंय मला माहीत नाही. तेवढ्यावरच उभी आहे ती. तर मग नाही माहीत मला.

२० नोव्हेंबर

ही जिना उतरल्यावर यादी उघडली. रुग्नालयचं रुग्णालय केलं. तपासनीचं तपासणी, लक्षनंचं लक्षणं. मरनचं मरण. सेव्ह केलं. रुग्णालयाचं पान उघडून बघितलं. चाक. आता कुलूप पक्कं आहे.

माझं शेवटचं मुद्रितशोधन. चार चुका.

२४ नोव्हेंबर

सकाळी बटण दाबलं आणि ब्राउझर झटकन उघडला. हात्तिच्या! यादी बघितली. सगळे शब्द, माझ्या दुरुस्त्यांसकट, पुसलेले. खाली एकच, नवा.

भांडण.

ण बरोबर आहे. आणि स्वयंपाकघरातून हाक आली, "अहो! तो ओला टॉवेल कोण उचलणार, मी?"