हात पोचेल एवढं

आई, तलासरीचं ते ऑपरेशन थिएटर आज नव्याने आखायला घेतलं. आता तिथे भिंतीवर मोठे पडदे येणार, दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया होणार, जमिनीवर एकही वायर दिसणार नाही. तुला सांगायचं आहे ते मात्र जुन्या थिएटरबद्दल. हे पत्र तुला धाडताही येणार नाही, तरी लिहिते, कारण मी तुझ्याशी खोटं बोलले होते.

वाणगावच्या आपल्या स्वयंपाकघरातही तू थिएटरमधलीच सिस्टर असायचीस. नजर तव्यावरच्या भाकरीवर आणि उजवा तळहात मागे पसरलेला. मी त्यात सांडशी ठेवायची. चुकून उलथनं ठेवलं तर तू न बघताच परत करायचीस. "डोळे पेशंटवर, हात सामानावर. शोधायला लागलं तर ते सामान काय कामाचं?" हे वर ऐकवायचीस. डब्यांची फळी सुताराकडून तू स्वतःच्या खांद्याच्या रेषेत मारून घेतली होतीस. जेवून उठताना बाबा रोज तिच्यावर डोकं आपटायचे आणि तू पदर तोंडाला लावून हसायचीस.

मग मी आखलेलं पहिलं थिएटर तलासरीला उभं राहिलं. निवृत्त झालेली तू, इस्त्रीची साडी नेसून बघायला आलीस. छतावरून खाली येणाऱ्या, ऑक्सिजन आणि विजेची जोडणी असलेल्या खांबापाशी थांबलीस. टाचा उंचावल्यास, तरी हात पोचेना. "कोणाच्या उंचीचं केलंस ग हे? इथल्या पोरी माझ्याएवढ्याच असतात." उंची मी कंपनीच्या कॅटलॉगमधून उचलली होती. मोठ्या डॉक्टरांसमोर मी ओशाळले आणि म्हणाले, "आई, स्टूल ठेवू ना." तू माझ्याकडे बघतेस, रागाने नाही, आणि हळूच विचारतेस, "पेशंट निळा पडायला लागला की स्टूल शोधत बसायचं?"

महिन्याभराने तू विचारलंस, "बदललंस का?" खांब खाली आणायचा तर छत उघडावं लागणार होतं, थिएटर बंद ठेवावं लागणार होतं आणि चूक माझी आहे हे डॉक्टरांना सांगावं लागणार होतं. मी म्हणाले, "हो आई, केलं खाली." केवढी खूश झालीस तू! पोरीने माझं ऐकलं, असं डहाणूच्या सगळ्या जुन्या सिस्टरना सांगत सुटलीस. वर्षभरात तू गेलीस.

आज तिथली सिस्टर म्हणाली, "मॅडम, आता तरी खाली घ्या. लय वर्षं स्टुलावर चढतोय आम्ही." कधी कोणाला काही झालं का, हे विचारायचा मला धीर झाला नाही. मी सगळ्या सिस्टरना भिंतीशी उभं केलं, हात वर करायला लावले आणि पेन्सिलने खुणा केल्या. त्या खिदळत होत्या. तरुण डॉक्टर बघत होते, म्हणाले, "मस्त आयडिया आहे. कोणाची?"

तू जिभेवर आली होतीस ग. पण तुझं नाव घेतलं असतं, तर मला हे केव्हापासून माहीत आहे तेही सांगावं लागलं असतं. मी म्हणाले, "सुचली अशीच."