दक्षिणेचं ऊन

रामघाट, काशी
रविवार, १९ जानेवारी १९९७

प्रिय नीलूदादा,

नमस्कार. साष्टांग लिहायची आपल्याकडची रीत मला ठाऊक आहे, पण या गारठ्यात फरशीवर आडवं पडायची माझी तयारी नाही. उभ्यानेच केलेला गोड मानून घे.

तुमचा तिळगूळ पोचला. डबा वाटेत चेपला होता, वड्यांचा भुगा झाला होता, तो आम्ही चमच्याने खाल्ला. अण्णा म्हणाले, "मृणालिनीच्या हाताला चव आहे." वहिनींना आवर्जून सांग. इथे संक्रांतीची खिचडी झाली, मुलांचे पतंग झाले आणि त्याच रात्रीपासून जो कोहरा, आपलं धुकं, धरलाय तो अजून सुटलेला नाही. घाटावर उभं राहिलं तर नाव दिसत नाही, नावाड्याचं खोकणं तेवढं ऐकू येतं. शीतलहरीची सुट्टी लागलीय म्हणून शाळा बंद आहे. मुलींच्या वह्या तपासायला आणल्यात, पण बोटं वाकत नाहीत.

फोन केला नाही, कारण पीसीओवर मागे माणसं कान लावून उभी असतात, आणि तो पीसीओ शेजारच्या चौरसियाजींचा भाचाच चालवतो. पत्रच बरं. माझ्या मराठीत हिंदी शब्द आले तर जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचून हसू नका.

तुझ्या व्याख्यानाचं कात्रण मिळालं. "घरच्या घरी सौर हवातापक." खाली शाल पांघरलेला तुझा फोटो. त्यात छापलंय की काशीतल्या एका वृद्ध वैदिकाची खोली तू नुसत्या उन्हावर ऊबदार केलीस. हसावं की रडावं कळेना. आराखडा तुझा, नाही कोण म्हणतंय? पण डालड्याचे डबे कापताना बोटं माझी कापली होती, रे.

पुढच्या व्याख्यानासाठी त्या हवातापकाच्या पेटीजवळ बसलेल्या अण्णांचा फोटो मागितला आहेस. अण्णांना फोटो आवडत नाहीत, असं मी कळवलं होतं. ते खोटं होतं. त्याच्याकडे येतेच.

आधी ती पेटी कशी झाली ते ऐक, म्हणजे पुढच्या वेळी लोकांना खरं सांगशील.

आई गेल्यावर अण्णांनी क्षेत्रसंन्यास घेतला, हे तुला आठवत असेल अशी आशा आहे. मरेपर्यंत काशीची शीव ओलांडायची नाही. समोर रामनगर दिसतं, तिथेही नावेने जायचं नाही. त्याच वेळी त्यांनी घर तुझ्या नावावर केलं आणि वरच्या छतावरच्या खोलीत राहायला गेले. "मला आता काशी पुरे आणि मणिकर्णिका पुरे," म्हणाले. खालच्या खोल्यांत ओल, जन्मात ऊन नाही, म्हणून वरची खोली. दमा तर त्यांचा जुनाच सोबती. बोरसी, म्हणजे कोळशाची शेगडी, पेटवावी तर धुराने जीव घुसमटतो. बिजलीचा हीटर आणला, पण ऐन थंडीत बिजली असते कुठे? तू दर दिवाळीला लिहायचास, "अण्णांना पुण्याला पाठव, हट्ट पुरे झाला." हट्ट! त्या माणसाने आयुष्यात देवाकडे एकच गोष्ट मागितली, की इथे मरू दे. त्याला तू हट्ट म्हणतोस.

मग गेल्या हिवाळ्यात तू आराखडा पाठवलास, आणि मला वाटलं, आला हो माझा भाऊ ताळ्यावर. खरंच तसं वाटलं. सांगायला लाज कसली?

जुन्या दाराच्या फळ्यांची उथळ पेटी केली. डबे ठोकून सपाट केले, त्यांना शाळेतल्या फळ्याचा काळा रंग दिला, मागे फाटक्या रजईचा कापूस भरला, पुढे खिडकीची काच बसवली. गल्लीतला मिस्त्री येऊन बघायचा. "ए बहिनजी, ई का बनत हौ?" मी म्हटलं, चूल्हा. तो म्हणाला, "त आगी कहाँ हौ?" मी वर बोट दाखवलं, तर तो कपाळाला हात लावून निघून गेला. बाई गेली कामातून, असं त्याने साऱ्या गल्लीत सांगितलं.

तू लिहिलं होतंस, पेटीचं तोंड दक्षिणेकडेच हवं, हिवाळ्यात सूर्य दक्षिणेलाच असतो. दक्षिण या शब्दाखाली दोनदा रेघ मारली होतीस. आणि पेटी बाहेरून टेकवायची त्या खोलीच्या दक्षिणेच्या भिंतीला दोन भोकं पाडायची, एक खाली, एक वर. खोलीतली गार हवा खालून पेटीत जाईल, काळ्या पत्र्यावर तापून वरच्या भोकातून परत येईल. पंखा नको, बिजली नको. मी छन्नी घेऊन गेले, तर अण्णा खाटेवर उठून बसले.

"दक्षिणेला भोक? यमाला वाट करून देतेस का गं?"

ते चेष्टा करत नव्हते, दादा. या माणसाने कधी दक्षिणेकडे पाय करून अंग टाकलेलं नाही, यमदीपाशिवाय तिकडे दिवा लावू दिलेला नाही. मी म्हटलं, "अहो अण्णा, काशीत यमाचं काही चालत नाही, इथे कालभैरवाचा अंमल, हे तुम्हीच ना शिकवलंत? मग तो येणार कुठून?"  ते असे हसले की हसता हसता ठसका लागला. "हरलो, बाई. पाड तुझं भोक."

पहिल्या दिवसांत दुपारी खोली छान तापायची, आणि पहाटे अण्णा दोन शाली घेऊन कुडकुडत बसलेले असायचे. मला काही बोलत नव्हते. त्यांच्या मनात, दक्षिण उघडली त्याचं हे फळ. शेवटी माझ्याच डोक्यात उजेड पडला. ऊन गेलं की तीच पेटी उलटी चालते, खोलीतली ऊब बाहेर ओढून नेते. संध्याकाळी दोन्ही भोकांत चिंध्यांचे बोळे कोंबायला लागले आणि प्रश्न मिटला. हे तुझ्या आराखड्यात नव्हतं. मी तेव्हा लिहिलं नाही, तुला वाईट वाटेल म्हणून. व्याख्यानात नक्की सांग, नाहीतर कुणाचा तरी बाप गारठेल.

तो एक हिवाळा मात्र सोन्यासारखा गेला. माकडं उबेला काचेवर येऊन बसायची, मी जाळी लावली. अण्णा आंघोळ-संध्या उरकून वरच्या भोकापाशी पाट मांडायचे आणि तळवा धरायचे. "नीलूचं डोकं बघ," येईल त्याला सांगायचे. दूधवाला, पोस्टमन, शेजारच्या विद्युल्लताकाकू, कुणी सुटलं नाही. माझं नाव त्यात कधी यायचं, कधी नाही. चालायचंच. रात्री खोकला कमी झाला होता, आणि त्या आनंदापुढे मला काही सुचत नव्हतं.

आता फोटोचं.

काचेवर ऊन नाही, दादा. दसऱ्यापासून नाही. आपल्या दक्षिणेला चौरसियाजींचं घर आपल्या छताहून खाली होतं ना, त्यावर दोन मजले चढलेत. गेस्ट हाऊस झालंय, वर पाण्याची मोठी टाकी. कोहरा नसलेल्या दिवशीसुद्धा आपलं छत दिवसभर सावलीत असतं. पेटी उचलून दुसरीकडे लाव म्हणशील. कुठे लावू? पश्चिमेला जिना, पूर्वेला सकाळभर नदीवरचा कोहरा, आणि उत्तरेला हिवाळ्यात सूर्य जात नाही, हे तूच मला शिकवलंस.

काम सुरू झालं तेव्हा मी भांडायला गेले होते. भिंत सामाईक आहे, घरमालकाच्या होकाराशिवाय वीट ठेवता येत नाही, इतकं मलाही कळतं. चौरसियाजी म्हणाले, सब हो गया है बहनजी. मला वाटलं, कुठे तरी हात ओले केले असतील. मग स्लॅब टाकून झाल्यावर ते पेढे घेऊन छतावर आले. अण्णा पाटावर जप करत बसले होते. मी तोंड वाजवायला सुरुवात केली, तर चौरसियाजी बिचारे गोंधळूनच गेले.

"अरे, नीलकंठ भैया ने आपको बताया नहीं? हमने तो उन्हीं से पूछा था. बोले, बेखटके बनवाइए, इसी बहाने बाबूजी पुणे आ जाएँगे."

अण्णांनी ऐकलं. त्यांचे कान अजून शाबूत आहेत. माळ थांबली नाही, मणी सरकत राहिले. पेढा त्यांनी घेतला, कपाळाला लावला आणि शेजारी ठेवला. मी मात्र तिथेच खाली बसले. 

दुसऱ्या कुणी केलं असतं तर म्हटलं असतं, बिचाऱ्याला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं! कुठल्या भिंतीवरचं ऊन अण्णांना लागतं हे या जगात तुझ्याइतकं नेमकं कुणाला ठाऊक होतं? तूच ते मोजलं होतंस, तूच रेघा मारल्या होत्यास. त्यांच्या भल्यासाठी केलं म्हणशील, आणि तसं तुला मनापासून वाटतही असेल. म्हणूनच चीड येते. वैरी असतास तर शिव्या देऊन मोकळी झाले असते.

त्यानंतर तुला गेलेली माझी कार्डं आठव. "यंत्र उत्तम चालले आहे. अण्णांची प्रकृती ठीक." ती अण्णांनी समोर बसवून सांगितलेली आहेत, शब्दन् शब्द. मी म्हटलं, मी खोटं लिहिणार नाही. तर म्हणाले, "त्याने किती हौसेने केलं होतं, प्रेमा. लिही." अजूनही ते रोज त्या थंड भोकापाशी बसून तळवा धरतात. मला बघितलं की म्हणतात, "येतेय गं थोडी." कुठली येतेय? मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटते.

महिन्याभरात दोनदा श्वास अडकला. डॉक्टर म्हणाले, अशा खोलीत पुढचा हिवाळा निघणार नाही. मी मनाची तयारी केली होती. अण्णांची तर कधीचीच आहे. काशीत राहून मरणाला भ्यायचं म्हणजे हलवायाच्या घरी राहून साखरेला भिण्यासारखं, असं ते हसून म्हणायचे. मला वाटलं होतं, ऊन गेलं तर गेलं, निदान त्यांचं मागणं तरी कुणी हिरावणार नाही.

काल त्यांनी मला बोलावलं. म्हणाले, "नीलूला लिही, मी पुण्याला येतो. नातवंडांची आठवण येते, असं लिही."

तर लिहिते: अण्णांना नातवंडांची आठवण येते.

आता खरं ऐक. मी त्यांच्याशी भांडले. बापाशी इतकं तोंड मी आयुष्यात केलेलं नाही. म्हटलं, "इतकी वर्षं नदीपलीकडे पाऊल टाकलं नाहीत, आणि आता शेवटाला व्रत मोडणार? कशासाठी? थंडीला भिऊन?" ते बराच वेळ धापत होते. मग म्हणाले, "बाहेर केलेलं पाप काशीत धुतलं जातं, प्रेमा. काशीत घडलेलं वज्रलेप होतं, ते कुठेच धुतलं जात नाही. मी या खोलीत गारठून गेलो तर ते नीलूच्या माथी बसेल. मोक्ष काय, माझ्या एकट्याचा. पाप पोरांपर्यंत जातं."

मी म्हटलं, "त्याला पापाचं काही वाटत नाही, अण्णा."

"त्याला वाटत नाही म्हणून तर मला बघायला हवं," म्हणाले.

तू हे मानत नाहीस, मला माहीत आहे. मीही किती मानते कुणास ठाऊक. पण तो माणूस मानतो, अक्षरन् अक्षर मानतो, आणि सगळं मानून तुझ्यासाठी ते सोडून येतोय. असा बाप मिळायला मागच्या जन्मीचं पुण्य लागतं. तुझं कुठलं होतं, देव जाणे.

तेव्हा तिकीट काढ. अण्णांचं आणि तुझं. न्यायला तू स्वतः ये, कुणा मित्राला पाठवू नकोस. मी येणार नाही. शाळा आहे, असं लोकांना सांग. त्यांची औषधं, दोन धोतरं आणि देवाची पेटी बांधून ठेवते. संध्येचं पाणी ते इथलंच नेणार आहेत, तांब्या मोठा आहे, कुरकुर करू नकोस.

इथे आलास की त्यांच्याशी गोड बोल. कार्डांबद्दल, चौरसियाजींबद्दल, या पत्राबद्दल चकार शब्द काढू नकोस. तुला काही कळलेलं नाही, असं समजूनच त्यांना जाऊ दे. तेवढ्यासाठीच ते जातायत.

आणि एक मागते. यापुढे मी तुझ्याकडे काही मागणार नाही. गाडी सुटल्यावर काशीची शीव कुठे संपते, ते त्यांना बरोबर कळेल. ते खिडकीबाहेर बघत असतील. त्या वेळी तू त्यांच्या तोंडाकडे बघू नकोस. पेपर वाच, झोपेचं सोंग घे, काहीही कर. तेवढं त्यांचं त्यांना राहू दे.

नात्याने तुझी बहीण,
प्रेमला