परसातल्या फणसाचा गाभा

मी, प्रवित, बापाचं नाव तोंगदी, वय बावीस, राहणार बान डोंगयाय, प्रांत सकोन नाखोन, हल्ली मुक्काम मासेमारीच्या बोटीवर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. कोणी जबरदस्ती केलेली नाही. या बोटीवर जबरदस्तीशिवाय होणारी ही एकच गोष्ट. शाळा चौथीपर्यंत झाली, तरी अक्षराला हसू नये.

लिहिण्याचं कारण असं. चौदा महिने बोट किनाऱ्याला लागलेली नाही. मोठं जहाज येतं, मासे घेतं, तांदूळ आणि डिझेल देतं. मासे किनाऱ्यावर जातात, आम्ही जात नाही. मागे एकजण पाण्यात पडला, तांडेलाने बोट वळवली नाही. उद्या जहाज येईल तेव्हा आमचा स्वयंपाकी बुनमादादा त्यावर जाणार आहे. पाय सुजून तो कामाचा राहिला नाही. मी तांडेलाला म्हटलं, “मलाही सोडा.” तो म्हणाला, “पाय दाखव. छान आहेत की! जाळं ओढ.” म्हणून दादाबरोबर मी नाही, हा कागद जातो आहे.

कलम पहिलं. आमच्या परसातला फणस. मी जन्मलो त्या वर्षी बापाने लावला, मी भिक्खू होईन तेव्हा खोडाचा गाभा उकळून त्या रंगात माझं चीवर रंगवायचं म्हणून. बाप गेला. झाड आईने माझ्या नावाचं ठेवलं. ते मी धाकटा भाऊ सोमजित याला देतो. तो भिक्खू होईल तेव्हा त्याचं चीवर त्यात रंगवावं.

सोमजित, इथे नीट वाच. गाभा तेवढा घे. पिवळाधमक असतो तो. बाहेरचं पांढरं लाकूड तासून टाक, एक ढलपीही भांड्यात पडू देऊ नकोस. मी घाई केली होती. विहारात चीवरं रंगवायच्या दिवशी भांडं लवकर भरावं म्हणून पांढऱ्या ढलप्याही टाकल्या, आणि पाणी दाट होण्याआधीच कापड बुडवलं. भंतेंचं चीवर बाहेर आलं ते डागाडागांचं. भंते म्हणाले, “प्रवित, रंग दिलास की पेज पाजलीस?” सगळं गाव हसलं. भंतेंनी तेच चीवर वर्षभर नेसलं, आणि मला ते रोज भिक्षेच्या वेळी दिसायचं. माझी उपसंपदा, भिक्खू व्हायची दीक्षा, तीन दिवसांवर आली तेव्हा मी पळालो. लोकांना वाटलं, पोरीमागे गेला. नाही. लाजेने गेलो.

कलम दुसरं. माझे मामा सवैंग यांनी मला एजंटाकडे नेलं. म्हणाले, “भाच्या, सहा महिने समुद्र, मग मोटारसायकलवर गावात शिरशील.” त्यांचा डोळा फणसावर आहे, खोडाचे ढोल करून विकायला. मामांना मी सगळं पांढरं लाकूड देतो. त्याचा ढोल होत नाही. भात शिजवावा.

कलम तिसरं. माझा कोयता आणि रेडिओ सोमजितचा. कोंबडा जिवंत असल्यास शेजारच्या खाम्फाक काकांनी परत करावा, तो मी दिला नव्हता. पगार तांडेलाकडे आहे, त्याबद्दल लिहून कागद वाया घालवत नाही.

कलम चौथं, आईसाठी. बोटीवर चढण्याआधी शेवटचा फोन झाला तेव्हा तू म्हणालीस, “तू आल्याशिवाय झाडाला कुऱ्हाड लागणार नाही. सोमजित थांबेल.” आई, तुझ्या डोळ्यांवर साऱ्याचा पडदा चढतो आहे, नजर जात चालली आहे. मुलाच्या चीवराचं टोक धरून आई वर स्वर्गात जाते असं आपण मानतो, पण ते पिवळं चीवर तुला दिसायलाही हवं. मी इथे अडकलो आहे. माझ्यापायी तू, सोमजित आणि ते झाड, तिघं तिथे अडकलात. मी मेलो, तरी ती बातमी तुला कधी कळणारच नाही, समुद्रावर मेलेल्याची चिठ्ठी येत नाही. म्हणजे तू वाट बघत बसशील. तेव्हा मृत्युपत्र मेल्यावर लागू होतं तसं हे नाही. कागद हातात पडेल त्या दिवसापासून लागू समजावं, मी जिवंत असलो तरी.

आणि झाड पडल्यानंतर मी आलो, तर रडू नका. भांड्याखाली लाकडं सारायला बसेन. ढवळायला मात्र मला सांगू नका.

साक्षीदार: १. बुनमा, स्वयंपाकी (सही). २. ने लिन, बर्मी खलाशी. लिहिता येत नाही, म्हणून माकुल माशाच्या काळ्या शाईत अंगठा.

सही: प्रवित

ठिकाण: पाणी. कुठलं, ते तांडेल सांगत नाही.
तारीख: बुद्ध संवत २५५६, वर्षावास संपत आला असावा.