पहिल्या बेसवर टेकवलेली बॅट

प्रिय बाबा,
तुम्हा दोघांना नमस्कार. मी बरी आहे. मनगटही जवळजवळ बरं आहे. आईचा गुडघा कसा आहे?

रविवारी आमच्या हौशी बेसबॉल संघात माझी शेवटची संधी होती. नाही जमलं, तर वगळणार होते. चेंडू छान बसला. मी बॅट घेऊनच धावले आणि तुम्ही क्रिकेटमध्ये शिकवलंत तशी बेसवर, म्हणजे धावत गाठायच्या चौकोनी गादीवर, टेकवली. बेसबॉलमध्ये तिथे पाय लागावा लागतो. माझा पाय पोचेपर्यंत चेंडू आला. बाद!

"अगं, बॅट कशाला टेकवलीस?" आमची कप्तान, सुतारकाम करणारी बाई, ओरडली.

"बाबांनी लावलेली सवय."

"फटकाही त्यांचाच ना? मग पुढच्या रविवारी ये. बॅट टाकून पळ फक्त!"

या परक्या शहरात आल्यापासूनच्या सहा महिन्यांत मला पहिल्यांदाच कुणी 'ये' म्हणालं. कामावरून दमून आल्यावरही तुम्ही अंगणात मला रोज चेंडू टाकायचात. त्याबद्दल मी कधी काही बोलले नाही. आज लिहिते आहे.

तुमची,
लेक