सहाव्या रांगेतून सातव्या रांगेत

२४ जून

टिब्जला काढा! आज रेडिओवर सांगून टाकलं. चाळीस मिनिटं फोन कानाला धरून बसलो तेव्हा कुठे नंबर लागला. म्हटलं – सदतीस वर्षांचा माणूस, गुडघे गेलेले, सामनाभर बाकावर बसून नुसती बडबड. अकरा वर्षं आपल्या बास्केटबॉल टीममध्ये आहे म्हणून काय ओवाळायचं त्याला? भावना बाजूला ठेवा, हा धंदा आहे. बदल्यात जे मिळेल ते घ्या आणि त्याला मोकळा करा!

रेडिओवाला म्हणाला, "वा व्हर्नन, मालकांनी तुलाच नोकरीवर ठेवायला हवं." लुईव्हिलच्या पोस्टात चौतीस वर्षं टपाल वाटलं, एवढी शाबासकी कुणी दिली नव्हती.

इर्मा स्वयंपाकघरातून ऐकत होती. म्हणाली, "गुडघ्यांबद्दल तू बोलतोयस?" माझ्या बायकोला खेळ कळतो, धंदा कळत नाही.

२६ जून

लूशियसच्या सलूनमध्ये जुंपली. टिब्ज त्याचं गिऱ्हाईक, दर गुरुवारचं. "तो बाकावर बसून काय बोलतो, कधी ऐकलंयस का?" मी म्हटलं, आपण बसतो पार वर, तिथून कसं ऐकू येणार? "मग उंटावरून शेळ्या हाकू नकोस," म्हणाला, आणि कात्री खाली ठेवली. माझं डोकं अर्धंच झालं होतं! "आधी शब्द मागे घे. मग उरलेले केस कापतो."

घेतले नाहीत. टोपी घालून घरी आलो.

मिटेल हे. मी, इर्मा, लूशियस आणि माझा मेहुणा ऑरिन – एकोणीस वर्षं आम्ही चौघं वरच्या मजल्यावर सहाव्या रांगेत शेजारी शेजारी बसतोय. अर्ध्या हजामतीवरून थोडंच मोडणार आहे!

३० जून

आज संध्याकाळी सहाला खेळाडूंचा बाजार उघडला. सात फूट एक इंचाचा डॅरो आपल्याकडे येणार अशी आवई. ऑरिन दुपारपासून फोनवर एका खासगी विमानाच्या मागावर. "फ्लोरिडाहून निघालंय! आपल्याकडेच वळलं! त्यातच आहे तो!" शेजारच्यांना सांगितलं, शेजारच्यांनी गावाला. विमानतळाच्या कुंपणापाशी दीडशे माणसं तरी जमली. एकीनं 'स्वागत डॅरो' लिहिलेली चादर आणलेली.

विमान उतरलं. दार उघडलं. दोन घोडे उतरले.

शर्यतीचे! निदान घोड्यांच्या शर्यतींसाठीच प्रसिद्ध असलेल्या या गावातल्या माणसांना तरी हे आधी सुचायला हवं होतं. पण लोकांना टाळ्या आवरेनात. ऑरिन डोळे बारीक करून म्हणाला, "डावीकडचा उडी चांगली मारेल." चादरवालीनं फोटोही काढून घेतला.

१ जुलै

डॅरो भलतीकडेच गेला. पण टिब्जला सोडलं! माझं ऐकलं! लूशियसला फोन केला. उचलला नाही.

४ जुलै

आजचं जसंच्या तसं लिहून ठेवतो.

ऑरिनकडे जेवण. बरगड्या उत्तम भाजल्या होत्या. मी तिसरी तोडत असताना इर्मानं पर्समधून कागद काढला. म्हणाली, "व्हर्नन, सहाव्या रांगेच्या पुढच्या हंगामाबद्दल बोलायचंय."

मला दिलंय. सातव्या रांगेला!

तिथे तिघी पेटवे बहिणी बसतात. चौथी मार्चमध्ये ॲरिझोनाला गेली, तिची खुर्ची रिकामी. तर मी तिकडे. बदल्यात सहाव्या रांगेला काय? पेटवेंच्या चर्चमागची गाडी लावायची जागा, आणि पुढच्या वर्षी एक लिंबाचा केक. आपली टीम तळाला गेली तर तो केक त्याच्या पुढच्या वर्षी! खऱ्या टीमांच्या सौद्यांत असतं तसं हे कलम ऑरिननं घालून घेतलं म्हणे. अभिमानानं सांगत होता.

मी म्हटलं, गंमत करताय. लूशियसनं यादीच वाचली. सामन्यात सरासरी पाच वेळा संडासाला उठतो, अख्खी रांग उभी करतो. गाड्यांची गर्दी टाळायला शेवटची सहा मिनिटं असताना निघतो आणि सगळ्यांना ओढून नेतो. गेल्या वर्षी चार सामन्यांचे शेवट बुडाले. आणि – इथे त्यानं चष्मा वर केला – "सामनाभर नुसती बडबड."

"एकोणीस वर्षं झाली रे!" मी म्हटलं.

इर्मा म्हणाली, "भावना बाजूला ठेव. हा धंदा आहे."

मत घेतलं. तीन विरुद्ध एक. आपलेच दात, आपलेच ओठ! तिनं हात सगळ्यात आधी वर केला.

५ जुलै

खेळाडूंच्या सौद्यांचं सहा तारखेच्या दुपारी बारापर्यंत तोंडीच असतं, सही त्यानंतर. तोवर कुणीही शब्द फिरवू शकतो. हाच नियम आपल्यालाही लावा म्हटलं. मान्य झालं.

सकाळी इर्मासमोर प्रस्ताव ठेवला. संडास फक्त मध्यंतरात. शेवटच्या सेकंदापर्यंत बसेन. शेंगदाणे माझ्याकडून. ती अंडी फेटत होती. "हे एकोणीस वर्षांत का नाही सुचलं?"

मग ऑरिनला गाठलं. म्हणाला, "भावोजी, मी तुमच्या बाजूनं असतो हो. पण चर्चमागची जागा! स्टेडियमच्या दाराशी आहे हो अगदी."

लूशियसकडे गेलो. तो म्हणाला, "शब्द मागे घेतोस?" रेडिओवर सगळ्या गावानं ऐकलंय. माझीही काही इज्जत आहे. टोपी परत घातली.

६ जुलै

बारा वाजून दोन मिनिटांनी सही. मिस ओडेसा पेटवे, थोरली, स्वतः आल्या होत्या. मला खालून वर न्याहाळलं. टोपी काढायला लावली. अर्धं डोकं बघितलं आणि इर्माला म्हणाल्या, "केक लहान करेन हं."

१९ जुलै

मिस ओडेसांच्या अटी आल्या, टपालानं. शिव्या नाहीत, पंचालासुद्धा. प्रत्येक सामन्याआधी हात धरून प्रार्थना. बुटांना पॉलिश.

११ ऑगस्ट

माझ्या जागी कोण येणार, कुणी सांगत नाही. जेवताना इर्माला विचारलं. "बोलणी चालू आहेत," म्हणाली. वाटाणे पुढे सरकवले.

खरं सांगायचं तर वाईट वाटतं. फार वाटतं. खेळाचं नाही एवढं. चेंडू हवेत असला की इर्मा माझी बाही धरते, तिला स्वतःलाही माहीत नाही. माझ्या सगळ्या शर्टांची उजवी बाही सैल झालीय. आता कुणाची धरणार?

३ सप्टेंबर

किराणा दुकानात टिब्ज दिसला. कुठल्याच टीमनं त्याला घेतलं नाही. मुलं इथल्या शाळेत आहेत, म्हणून इथेच राहिलाय. वरच्या फळीवरचे डबे म्हाताऱ्या बायकांना काढून देत होता. एकीला म्हणाला, "हे नको मावशी, यात मीठ फार, ते डावीकडचं घ्या." ढकलगाडी घेऊन मी दुसरीकडे वळलो. मलाही तेच सूप हवं होतं. न घेताच आलो.

४ सप्टेंबर

सकाळीच लूशियसकडे गेलो. म्हटलं, मागे घेतो. त्यानं खुर्ची झटकली. डोकं एकसारखं झालं. पण सही झालेली आहे – "करार म्हणजे करार," म्हणाला. हजामतीचे पैसे मात्र अर्धेच घेतले.

२२ ऑक्टोबर

पहिला सामना. मी सातव्या रांगेत, पॉलिश केलेल्या बुटांत, मिस ओडेसांचा हात हातात. प्रार्थना संपवून डोळे उघडले तर माझ्या जुन्या खुर्चीत टिब्ज! सहा फूट अकरा इंच, बरोबर माझ्यासमोर. मैदान नाही, गुणफलक नाही. दिसत होती फक्त त्याची मान – लूशियसनं नुकतीच कोरलेली.

इर्मानं विचारलं, "आता काय होईल रे?" तो हळूच म्हणाला (कान ताणून कसंबसं ऐकलं), "आठ नंबर डावीकडे पळेल. सगळे त्याच्या मागे जातील. चेंडू उजव्या कोपऱ्यात." मग अख्खं मैदान ओरडलं – उजव्या कोपऱ्यातून टोपलीत! पुन्हा तसंच. आणि पुन्हा! इर्मा त्याच्या बाहीला लटकलेली, आणि मला रागही येईना.

मी पुढे वाकलो, खांद्यावर टकटक केलं. तो वळला. "रेडिओवरचे व्हर्नन ना तुम्ही? आवाजावरून ओळखलं होतं मघाशी, प्रार्थनेतच."

"हो," मी म्हटलं. "जरा मोठ्यानं बोल ना बाळा. मागे ऐकू येत नाहीये."